आईच्या कपातला मैदा

छोट्या,

फोन उचलत नाहीस, म्हणून लिहून ठेवतेय. आईला घेऊन डॉक्टरांकडे चाललेय. ओट्यावरचं केकचं मिश्रण ओव्हनमध्ये घालू नकोस. आज तिने एक कप मैदा म्हणून काट्यावर दोनशे चाळीस ग्रॅम घेतला. तेवढं वजन कपभर पाण्याचं असतं. मैदा एकशेवीसच्या आसपास भरतो. तिनेच शिकवलंय ना आपल्याला? आणि आज मलाच विचारत होती, "कपभर मैदा म्हणजे किती गं?"

तू नव्याने कर, नीट मोजून. संध्याकाळी गिऱ्हाईक केक न्यायला येईल. तिचं मिश्रण टाकून भांडं धुऊन ठेव. आल्यावर तिने विचारलं, तर तिचाच केक गिऱ्हाईकाकडे गेला म्हणून सांग. फक्त खोटं बोलताना हसू नकोस रे, तिला ते अजून कळतं.

ताई