बत्तीवालीचा फॉर्म

४ जानेवारी, रविवार. संध्याकाळी ५
आजपासून रोज लिहिणार. निश्चय पक्का.

दर रविवारी दुपारी आमच्या जेवणाच्या टेबलावर खेळ. प्रत्येकाने एक पात्र व्हायचं, फासे टाकायचे, गोष्ट सूत्रधाराने पुढे न्यायची. सूत्रधार मी. खेळाडू तीन: बायको, तिचा धाकटा भाऊ, वरच्या मजल्यावरचे दातांचे डॉक्टर. गोष्ट: धुक्यातला किल्ला, तटाबाहेर काहीतरी दबा धरून बसलंय. बायको किल्ल्यातली बत्तीवाली, मेहुणा तलवारबाज, डॉक्टर मांत्रिक. किल्लेदाराच्या तोंडून मीच बोलणार.

हेतू नसलेलं पात्र म्हणजे नुसतं बुजगावणं. म्हणून फॉर्म छापून आणला. प्रश्न दोनच. पात्राला काय हवंय? आणि, कशाने त्याचं मन बदलेल? दुसरा प्रश्न खास माझा. फॉर्म पेन्सिलने भरायचा, कारण हेतू बदलतात. बायकोने सगळ्यांत जास्त वेळ लावला. तिन्ही फॉर्म घडी करून बिस्किटांच्या डब्यात ठेवले.

७ जानेवारी, बुधवार
फॉर्म वाचायचे नाहीत, असं ठरवलं. ऑफिसात बावीस वर्षं अर्जांचे फॉर्म तयार करतोय. माणूस पेन कसा धरतो, यावरून त्याला काय हवंय ते मला कळतं. वाचून काय, कोणीही सांगेल. खेळाडूंना अर्थातच हे सांगणार नाही.

११ जानेवारी, रविवार
पहिली फेरी. जबरदस्त! मेहुण्याला तलवार उपसायलाच पाऊण तास लागला. डॉक्टरांनी फक्त बिस्किटं खाल्ली. बायकोची बत्तीवाली गुपचूप किल्ल्यातला एकेक दिवा मालवत सुटलीय. तिला म्हटलं, पात्रात दम नाही, हेतू दिसत नाही. फॉर्म वाचलायस ना, म्हणाली. मी गूढ हसलो.

१५ जानेवारी, गुरुवार
(मधले दिवस कामाच्या रगाड्यात गेले.) पुस्तकांच्या फळीवर मोठं भगदाड. बायको पसारा कमी करतेय म्हणे. तिच्या कपाटाचे दोन कप्पे रिकामे. उघडले की आत आवाज घुमतो, अंगावर काटाच आला. किल्ल्याच्या तळघरासाठी हे वापरणार. प्रतिभावंताला सामग्री घरबसल्या मिळते.

१८ जानेवारी, रविवार
बत्तीवालीने आज तटाच्या छोट्या दरवाजाची किल्ली शोधली. शत्रू बाहेर, आणि हिला दरवाजा कशाला? कथानकात बसत नाही. दरवाजा उघडायला वीस बाजूंच्या फाशावर वीसच पडले पाहिजेत, असा नियम केला. सतरा पडले.

जाताना चपला घालता घालता मेहुण्याने विचारलं, भाऊजी, ताईचा फॉर्म वाचलात ना? म्हटलं, पहिल्याच दिवशी. मग तुम्ही काहीच कसं बोलत नाही, म्हणाला. म्हटलं, सूत्रधाराने आधीच सगळं बोलून टाकायचं नसतं. तो माझ्याकडे बघतच राहिला. भारावला असणार.

२२ जानेवारी, गुरुवार
बायकोने वॉशिंग मशीन कसं लावायचं ते शिकवलं. दोनदा. गॅसवाल्याचा नंबर फ्रिजवर चिकटवला. म्हटलं, हे कशाला? लागेल, म्हणाली. माझ्यावर जीव आहे तिचा, फक्त दाखवत नाही.

हल्ली घरात पाऊल वाजलं तरी मोठं वाटतं. किल्ल्याचं वातावरण मला चांगलंच भिनलंय.

१ फेब्रुवारी, रविवार
(गेल्या रविवारी फेरी झाली नाही. बायको कुठेतरी खोली बघायला गेली होती. मैत्रिणीसाठी असावी.)

आज किल्ल्यात एकच दिवा उरला. बत्तीवालीने फासा टाकला. वीस! नियम म्हणजे नियम, दरवाजा उघडला. बाहेर धुकं. मेहुणा मान खाली घालून बसलेला. डॉक्टरांनी बिस्किट खाली ठेवलं. बायको उंबरठ्यावर थांबली आणि तिने मला विचारलं, किल्लेदाराला काही म्हणायचंय का?

किल्लेदार झोपलाय, मी म्हणालो. हशा पिकेल असं वाटलं होतं. कोणीच हसलं नाही. बायकोने शेवटचा दिवा मालवला. थंड फेरी. विनोदाची समज सगळ्यांना नसते.

२ फेब्रुवारी, सोमवार. सकाळी ११
ऑफिसला गेलो नाही.

साडेआठला बायको गेली. दोन बॅगा. मेहुणा खाली गाडी घेऊन आला होता, वर आला नाही. किल्ली फ्रिजवर ठेवलीय, म्हणाली. दारात थांबली. बराच वेळ. मी विचारलं, पाण्याची बाटली घेतलीस का? हो म्हणाली.

डबा उघडला.

डॉक्टरांच्या मांत्रिकाला काय हवंय? रविवारी दुपारी सोबत. कशाने मन बदलेल? कशानेच नाही. मेहुण्याच्या तलवारबाजाला काय हवंय? ताईच्या पाठीशी राहणं. कशाने मन बदलेल? ताई थांबली तर.

बत्तीवालीला काय हवंय? इथून निघून जाणं.

कशाने मन बदलेल? इथे खाडाखोड आहे. एक ओळ पुसून पुन्हा तीच लिहिलीय. किल्लेदाराने एकदा विचारलं, का जातेस, तर.

खाली बारीक अक्षरांत छापलेली सूचना. मजकूर माझाच. सूत्रधाराने खेळ सुरू होण्यापूर्वी वाचावे.