आवाज ओळखीचा होता

३ नोव्हें.
ट्रेनिंग संपलं. आजपासून ॲम्ब्युलन्सच्या कंट्रोल रूममध्ये, कानाला हेडफोन. बाबा म्हणतात, "फोन उचलाले काय शिका लागते वं?" लागतं. नाव, गाव, तालुका, जवळची खूण, मग काय झालं ते. ठिकाण दोनदा विचारायचं. आमच्या सुपरवायझर इंगळे मॅडम सकाळी म्हणाल्या, आपुलकीनं बोला. दुपारी म्हणाल्या, इतकी आपुलकी नको. नक्की किती, ते विचारायचं राहिलं.

६ नोव्हें.
तिवस्याकडचे एक आजोबा: "पिंपळापाशी या, सगळ्यायले मालूम हाय." कोणता पिंपळ? चिडले. मीही चिडले असते.

११ नोव्हें.
"नमस्कार, मी वैशाली बोलते" एवढंच म्हटलं, तर पलीकडून, "वैशू? तू हायेस काय माय?" शांताकाकू! गावात आमच्या शेताला लागूनच त्यांचा झेंडू. "तुह्या काकाचं तोंड वाकडं झालं, हात उचलून नाई राह्यले. गाडी पाठव लवकर." पाठवली. गाव माहीत, गल्ली माहीत. विचारलंच नाही.

मग ड्रायव्हरचा फोन. घराला कुलूप आहे.

काकूंना फोन लावला. "अवं, आमी पोरीकडे अकोटले आलो नं!" मग अकोटची गाडी. मधे वीस मिनिटं गेली. वीस.

१३ नोव्हें.
मॅडमनी रेकॉर्डिंग ऐकवलं. माझाच आवाज, "घाबरू नका काकू, पाठवते." रागावल्या नाहीत, त्याचंच जास्त लागलं. विचारलं, चूक माझी होती हे काकूंना सांगू का? "कॉल करणाऱ्याला नंतर फोन करायचा नसतो." पण त्या शेजारच्या आहेत ना. मॅडम चहा ढवळत राहिल्या. म्हणजे हो की नाही?

१६ नोव्हें., रवि.
काकांना अकोटहून अकोल्याला हलवलंय, तिथल्या दवाखान्यात गेले. काका थोडं बोलतात. उजवा हात हलत नाही. डॉक्टर म्हणे, ताकद येईल, नाही येईल. सगळ्यांसमोर काकूंनी मला जवळ घेतलं. "इच्यामुळे वाचले. मीच येडी, अकोट सांगाचं राह्यलं."

तोंड उघडलं, तर "असू द्या काकू" एवढंच निघालं. असू द्या? मी कोण असू द्या म्हणणारी! सांगायचं त्यांचं काम नव्हतं, विचारायचं माझं होतं. गाडी आधी गेली असती तर हात राहिला असता का? कोणाला विचारू? विचारायचं तेव्हा तर...

येताना बसमध्ये रडले. लाज वाटली. स्वतःचीच.

२४ नोव्हें.
सुट्टी. सकाळी मोबाईलवर काकू. सवयीनं निघून गेलं, "कुठून बोलता?"

"आवाज नाई ओळखला काय वं?"

"ओळखला. म्हणूनच विचारून राहिली."

हसल्या. काका कालच दवाखान्यातून घरी आले म्हणे. गावात सगळ्यांनी माझा नंबर लिहून घेतलाय, आता काही झालं की मलाच लावणार. म्हटलं, "काकू, त्या दिवशी माझंच..."

"थांब, काकासंग बोल पह्यले."

मग तिकडे हळूच, "डाव्या हातानं धरा नं वो."