गुरुवारची निळी बस

सोमवार, ३ मार्च

कुत्र्यांसाठी पोहण्याचा तलाव! आजच्या बातमीपत्राची सुरुवातच ही. महापालिकेने बांधलाय. पाणी कोमट, शेजारी अंग सुकवायची वेगळी खोली. मी कसंबसं हसू आवरलं, पण काचेपलीकडे कानसेन पोट धरून हसत होता. (आमचा ध्वनिमुद्रक. कागद सळसळला तरी त्याच्या कपाळाला आठी, म्हणून हे नाव.) त्याला बघून पुढच्या बातमीत माझा आवाज घसरला. बातमी मृत्यूची नव्हती, पार्किंगची होती. नशीब!

संपादकबाईंनी बोलावून घेतलं. "अगं, श्रीमंत शहराचं रेडिओ केंद्र आहे हे. कुत्र्यांना हसायचं नाही. त्यांचे मालक जाहिराती देतात."

घरी आल्यावर लेकीला, ठकीला सांगितलं. ती म्हणाली, "कुत्र्यांना गरम पाणी, आणि मी आज पुन्हा गार पाण्याने अंघोळ केली." प्लंबर उद्या येणार आहे. महिनाभर तो उद्याच येतोय.

मंगळवार, ४ मार्च

प्लंबर आला नाही.

गुरुवार, ६ मार्च

अक्षर आज वाकडंतिकडंच येणार.

संध्याकाळचं बातमीपत्र अर्ध्यावर आलं होतं. पडद्यावर नवी ओळ आली, म्हणजे ताजी बातमी, लगेच वाचायची. वाचायला लागले. "नदीवरच्या पुलावर पोहण्याच्या तलावाकडे निघालेली निळी बस कठडा तोडून..."

'निळी बस' हे शब्द तोंडातून बाहेर पडले आणि मग डोक्यात शिरले. आज गुरुवार. शाळा सुटल्यावर ठकी याच बसने पोहायला जाते. दर गुरुवारी!

वाक्य पुरं केलं. पुढची चाकं पुलाबाहेर लटकत होती, जखमींचा आकडा कळला नव्हता — सगळं वाचलं. हवामानही वाचलं म्हणे. मला आठवत नाही. कानसेन म्हणतो, आवाज जराही हलला नाही. मला त्याचीच भीती वाटली.

ठकीचा फोन बंद. पुन्हा लावला, पुन्हा बंद. टॅक्सीवाल्याला नुसतं "पूल" म्हणाले. त्याने माझं तोंड बघितलं आणि गाडी हाणली.

पुलावर दोरी बांधलेली. आया, बाप, दिवे, कर्णे. मुलं ब्लँकेटं गुंडाळून फुटपाथवर बसलेली. कुणाचं कपाळ फुटलेलं, कुणाचा ओठ. मी एकेक चेहरा बघत गेले. ठकी नाही. परत पहिल्यापासून बघितले. नाही.

एक महिला पोलीस यादी घेऊन उभी होती. तिला नाव सांगितलं.

"या नावाची मुलगी बसमध्ये नव्हती, ताई."

"पुन्हा बघा."

"नव्हती."

"पाण्यात..."

"पाण्यात कुणी पडलेलं नाही. मी स्वतः मुलं उतरवून घेतलीत. सगळी इथेच आहेत."

तरी मी कठड्याशी जाऊन खाली बघितलंच. पाणी काळं, शांत. तेवढ्यात फोन वाजला.

"आई, किती फोन केलेस! काय झालं?"

"कुठे आहेस तू?"

"मी... मैत्रिणीकडे. माझी बस चुकली."

बस चुकली! मी तिथेच रस्त्यावर बसकण मारली. रडत होते की हसत होते, कोण जाणे. शेजारी कुणाची तरी आई होती. तिची मुलगी कुशीत होती, कोपर खरचटलेली. तिने दुसऱ्या हाताने मला जवळ ओढलं. आम्ही एकमेकींचं नावही विचारलं नाही.

घरी ठकीला अशी धरली की म्हणाली, "आई, बसमधून वाचले, आता तू बरगड्या मोडशील." मी म्हटलं, मोडू देत.

शुक्रवार, ७ मार्च

रजा काढली. सकाळी माझंच केंद्र लावून कानसेनच्या कृपेने स्वच्छ आवाजात ऐकलं — जीवितहानी नाही. चालकाचा हात मोडलाय, बाकी सगळे घरी. एक जीव गेला नाही!

आज काहीही झालं तरी चालणार होतं. दुधाची पिशवी ओट्यावर फुटली. म्हटलं, फूट बाई. शेजारणीने भिंतीला ठोकठोक लावली. म्हटलं, ठोक, आम्ही आहोत ना ऐकायला. आणि प्लंबर आला! "या, देवासारखे आलात," म्हणून दार सताड उघडलं. तो बिचारा बिचकून एक पायरी मागे सरला. महिनाभर चुकवल्यावर शिव्यांची तयारी करून आला असणार.

गरम पाणी आलं. ठकी अंघोळीला गेली ती निघेचना. दाराबाहेर उभी राहून मी तिचं बेसूर गाणं ऐकत होते. काय सुख!

शनिवार, ८ मार्च

पोहण्याच्या सरांचा फोन आला. सगळ्या मुलांच्या घरी करतायत.

"तुमची मुलगी बसमध्ये नव्हती तेच बरं झालं. तब्येत कशी आहे आता तिची?"

"तब्येत?"

"नाही, दोन महिने झाले, ती येतच नाही ना. म्हटलं आजारी असेल."

"हो हो. बरी आहे आता," म्हणाले मी. फोन ठेवला.

दोन महिने! आणि दर गुरुवारी मी तिचा ओला टॉवेल दोरीवर वाळत घालते! पोहायला जात नाही, तर तो ओला होतो कुठे? लाडाने ठकी म्हणत आले, पोरीने नाव सार्थ केलं.

राग यायला हवा. काढून बघितला, येत नाही. ती खोटं बोलली म्हणून त्या बसमध्ये नव्हती. त्या खोट्यावर रागावू कशी? त्याची तर दृष्ट काढावी!

पण मग जाते कुठे? मुलगा असेल? पंधरा वर्षांची आहे. असू दे. मुलगाच असू दे, दुसरं काही वेडंवाकडं नसू दे.

रविवार, ९ मार्च

विचारलंच. ती कांदा चिरत होती, मी पोळ्या लाटत होते. समोरासमोर बसून विचारलं तर बोलत नाही, हे मला माहीत आहे.

"टॉवेल कुठे भिजवायचीस गं?"

सुरी थांबली. मग हळूच, "शाळेच्या नळाखाली."

"आणि मग?"

"आजीकडे."

"कुठली आजी?" माझी आई जाऊन चार वर्षं झाली.

"बाबांची आई."

मी लाटणं खाली ठेवलं. मग ती भडाभडा बोलली. डिसेंबरात शाळेचं गाण्याचं पथक एका वृद्धनिवासात गेलं होतं. गाताना हिला खुर्चीत बसलेली आजी दिसली. पुढच्या ओळी गाताच आल्या नाहीत हिला. नंतर तिथल्या नर्सने सांगितलं, मुलगा परदेशी गेला, जाताना इथे ठेवून गेला. आम्हाला त्याने कळवलंही नाही! कशाला कळवेल म्हणा.

"तिला बरंचसं आठवत नाही, आई. कधी मला ओळखते, कधी नर्स समजते. पण मी गेले की खूश होते. आत फोन बंद ठेवायला लागतो, म्हणून तुझे फोन कळले नाहीत."

"मला का नाही सांगितलंस?"

"आजीचं नाव काढलं की तू भांडी जोरात घासतेस."

खरंच आहे. तिच्या बाबांशी फाटलं तेव्हा सगळे एका खोलीत बसले होते. तो म्हणाला, "हिला घर नकोच होतं, ही रेडिओवरच नांदते." आणि स्वतःचे बाहेरचे उद्योग? त्याबद्दल चकार शब्द नाही. मी सासूबाईंकडे बघितलं. त्यांना सगळं ठाऊक होतं. आठ वर्षं एका स्वयंपाकघरात राहिलो होतो आम्ही. त्यांच्या आजारपणात रात्री जागवल्या होत्या मी. त्या खाली मान घालून पदराचा काठ चाचपत राहिल्या. एक शब्द बोलल्या नाहीत. त्याच्या बोलण्यापेक्षा ते जास्त लागलं.

ठकी कांद्याने रडत होती की कशाने, कळेना. तिला म्हणाले, "जात जा. पण टॉवेल भिजवायची गरज नाही."

नाक ओढत हसली. मलाही इतकं हलकं वाटलं! मुलगा नाही, व्यसन नाही. माझी पोर चोरून काय करत होती, तर म्हातारीची सोबत.

सोमवार, १० मार्च

भांडी जोरात घासली. मग हळू घासली.

बुधवार, १२ मार्च

संपादकबाईंना सगळं सांगितलं. चहा पीत ऐकत होत्या. "म्हणजे रोज अख्ख्या शहराची खबरबात तू देतेस, आणि घरची बातमी तुला पोहण्याचे सर देतात."

"दिव्याखाली अंधार, दुसरं काय."

"भेटायला जाणार का त्यांना?"

"जाईनही. पण त्यांनी त्या वेळी एका शब्दाने तरी..."

"थांब," म्हणाल्या. "वाक्य लांबलं. पणच्या पुढचं सगळं काप."

"कापलं तर उरतं काय?"

"जाईन. छान वाक्य आहे. बातमीत बसतं."

हसले. उद्याचं संध्याकाळचं बातमीपत्र दुसऱ्या निवेदकाला दिलंय. दिलंय एवढंच. जाईनच असं नाही.

गुरुवार, १३ मार्च

गेले. सासूबाई अर्ध्या झाल्यात. मला ओळखलं नाही. "या बाई कोण?" ठकी बोलायच्या आत मीच म्हणाले, "हिची आई."

"बरं झालं आलात. पोर गुणाची आहे हो तुमची." मग माझा हात धरून जवळ ओढलं, कुणी ऐकू नये तसं. "एक काम कराल? माझी सून याच शहरात असते कुठेतरी. भेटली तर सांगा तिला, चुकला तो माझा मुलगा. मला सगळं कळत होतं. माझी जीभच उचलली नाही."

"सांगते, आई."

"नक्की हं? नाहीतर विसराल."