मायेचा रकाना

गोदामामागची खोली
ता. ९ जानेवारी

ती. ताईस,
तुझ्या भिंगरीचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. तयार कपड्यांची ती मोठी कंपनी आपलं गणवेशाचं दुकान घ्यायला टपली आहे, मेअखेर हो की नाही ते सांगायचं आहे, दाजी हो म्हणतात आणि तुझा जीव होत नाही, हे वाचून मला जेवण गेलं नाही. खरं सांगायचं तर गेलं, पण चव लागली नाही. दुकान दिलं की तुम्ही दोघं आपल्याच मशीनवर पगारी नोकर होणार आणि पाटी त्यांची लागणार. दाजींचं म्हणणं, राबून उरत काही नाही. तुझं म्हणणं, उरतं. समोरासमोर बसून शिवता आणि दोघांची दोन मतं. तर याचा निकाल आता मी लावतो.

हसू नकोस. सातवीतून पळालो ते पळालो, पण इथे मी आता नुसती खोकी उचलत नाही. आमचा स्टोअरकीपर दुपारच्या सुट्टीत मला कॉम्प्युटरसमोर बसवतो. त्याचंही कारण आहे, तेवढ्या वेळात तो माझ्या डब्यातलं खातो. स्प्रेडशीट म्हणून एक प्रकार असतो. नुसत्या चौकटीच चौकटी. एकीत जमा टाकायची, दुसरीत खर्च, की तिसरीत उत्तर आपसूक उगवतं. वर एक रेघही काढून मिळते. कंपनी कमावते किती आणि दरवर्षी वाढते किती, दोन्ही त्यात उघडं पडतं. मोठमोठे लोक यावरच कंपन्या घेतात आणि विकतात. मग आपली कंपनी काय कमी आहे? दोन मशीन आणि एक इस्त्री, पण कंपनीच.

सोबत एक कोरा कागद छापून पाठवतोय. महिना, जमा, खर्च, माया असे रकाने आहेत. बिलबुकं काढ आणि गेल्या दोन वर्षांचं भरून धाड. आकडे हजारात लिही, शून्यं काढत बसू नकोस. फोनवर सांगू नकोस, तुझ्या मशीनच्या खडखडाटात मला पंचवीसचे पंचावन्न ऐकू येतात.

दाजींना नमस्कार. मी कुठेही भरकटलो तरी तुझी माया आटू देऊ नकोस.

तुझा
भिंगरी

&nbsp;

दुकान
ता. २१ जानेवारी

चि. भिंगरीस,
अ. उ. आ.

कागद भरून पाठवते आहे. बिलबुकं शोधताना तुझी जुनी चप्पल सापडली, दोन्ही पायांची वेगवेगळी. तू घरातून निघालास तेव्हा किती घाईत होतास ते आत्ता कळलं. ही नोकरी तरी टिकव बाबा. चौथी आहे ना? की मधे एखादी मला न सांगता होऊन गेली?

जमा-खर्च मी भरला. मायेचा रकाना कशाला हवाय ते मला कळलं नाही, पण तुझे दाजी फार खूश झाले. पोरगं शहाणं झालं, धंद्याच्या मुळाला हात घालतंय, असं म्हणाले. कटिंग त्यांच्याकडे, म्हणून तो रकाना त्यांनी स्वतः बसून, आठवून आठवून भरला.

तुझा निकाल लवकर कळव. कंपनीचा माणूस दर आठवड्याला येऊन खुर्चीत बसतो, गोड बोलतो आणि भिंतींची मापं डोळ्यांनी घेतो. तो गेला की माझी शिवण वाकडी जाते.

वेळेवर जेव. आमची आठवण सैल होऊ देऊ नकोस.

तुझी
ताई

&nbsp;

गोदामामागची खोली
ता. २ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

हे पत्र तू एकटी असताना वाच.

आकडे चौकटीत टाकले. पहिल्याच ओळीला जमा एकतीस, खर्च बावीस. चौकटीने नऊ हजार उरल्याचं दाखवलं. आणि तुमच्या कागदावर माया किती, तर अडीच! साडेसहा हजार कुठे गेले? पुढच्या ओळीला दोन. मग दीड. एका ओळीला तर नुसतं पाव लिहिलंय. एवढं कमावून महिन्याची माया पाव हजार? मी तीन वेळा टाकून पाहिलं. स्टोअरकीपरनेही पाहिलं आणि माझ्या डब्यावरचं लक्ष पहिल्यांदाच उडालं त्याचं. हळूच म्हणाला, घरातला माणूस आहे.

ताई, रागावू नकोस. दाजी संध्याकाळी न्हाव्याकडे पत्ते कुटायला जातात ना? आणि तो रकाना त्यांनीच भरला हे तूच लिहिलंस. मी काही म्हणत नाही, चौकट म्हणते.

वाढीचंही सांगून टाकतो. सरलेल्या वर्षाची जमा त्याच्या आदल्या वर्षाएवढीच. रेघ इतकी आडवी आली आहे की तिच्यावर कपडे वाळत घालावेत. पण घाईने दुकान देऊ नकोस. आधी दाजींना विचार, साडेसहा कुठे.

लहान तोंडी मोठा घास घेतला असेन, तरी जीव तेवढाच लाव.

तुझा
भिंगरी

&nbsp;

दुकान
ता. १३ फेब्रुवारी

चि. भिंगरीस,
आशीर्वाद देते, पण आधी कान दे इकडे.

तुझी पत्रं मी नेहमी मोठ्याने वाचते आणि ते काजं करता करता ऐकतात. एकटीने वाच ही ओळ वाचून होईपर्यंत ती त्यांच्या कानात गेलेली होती. मग ते म्हणाले, आता पुरं वाच. वाचलं. त्यांनी टेप गुंडाळून खिळ्याला अडकवली. दोन दिवस पत्त्यांना गेले नाहीत. न्हावी स्वतः विचारायला आला, आजारी आहेत का म्हणून.

तिसऱ्या दिवशी कटिंग करता करता त्यांना जे हसू फुटलं ते थांबेना. कात्री खाली ठेवावी लागली. अरे गाढवा, शिंप्याच्या दुकानात माया म्हणजे शिवणीच्या आत दुमडून ठेवलेलं जास्तीचं कापड! पोरगं वाढलं की ती माया सोडायची आणि कपडा मोठा करायचा. अडीच म्हणजे अडीच इंच, ज्या महिन्यात ज्यांचे कपडे जास्त त्यांची. बालवाडीच्या पोरांना अडीच, वरच्या वर्गाला दोन, दीड. पाव ठेवली ती शाळेतल्या मास्तरांच्या कोटाला, कारण ते उंचीने वाढायचे थांबलेत. आणि तू त्यात चोर शोधलास. तुला नफा हवा होता तर नफा लिहायचं.

म्हणजे उरतं, हे माझं खरं ठरलं. पण तुझे दाजी म्हणतात, त्या चौकटीला एक विचार. एप्रिल-मेमध्ये दिवस उजाडल्यापासून माझी पाठ मोडते, तरी जमा इतर महिन्यांहून जेमतेम चार पैसे जास्त, ते का? मी म्हटलं त्यात विचारायचं काय. शाळा उघडायच्या आधी अर्धी पोरं नवे गणवेश घेतात आणि अर्धी गेल्या वर्षीचे घेऊन येतात माया सोडायला. सोडायचे पैसे आपण घेत नाही. सासऱ्यांपासून तसंच चालत आलंय. तर ते म्हणाले, मग अर्धं आयुष्य फुकट शिवतोय, त्यापेक्षा पगार बरा. याचं काय ते आता तूच सांग.

राग गेलाय. दाजींना वेगळं पत्र टाक आणि वाकून लिही.

तुझी
ताई

&nbsp;

गोदामामागची खोली
ता. २४ फेब्रुवारी

ती. ताईस आणि ती. दाजींस,
दोघांना मिळून शि. सा. न., दाजींना दोनदा.

दाजी, माझी अक्कल आडवी आली. स्टोअरकीपरनेही माफी मागितली आहे. त्याचं म्हणणं, त्याच्या गावी माया म्हणजे गाठीला बांधलेला पैसाच, इंच नव्हे.

आता कामाचं. परवा मी तुम्हाला एक पत्र लिहिलं होतं, डिंकही लावला होता. त्यात सल्ला असा, की माया ठेवणं बंद करा. कपडा दोन वर्षं पुरतो म्हणून गिऱ्हाईक नव्यासाठी एक वर्षाआड येतं आणि म्हणून रेघ आडवी. मायाच नसली तर दरवर्षी नवा गणवेश, रेघ सरळ आढ्याला. मी इतका खूश झालो की गोदामात दोन खोकी उलटी रचली.

मग रचता रचता वाटलं, बिनमायेचा कपडा तर ती कंपनीही विकते, आणि तुमच्याहून स्वस्त. तरी लोक तुमच्याकडे का येतात? मायेसाठीच. ती काढली तर तुमच्याकडे उरेल काय, इस्त्री? ते पत्र फाडलं.

म्हणून हा दुसरा सल्ला. माया ठेवा, पुरी अडीच ठेवा. पण सोडायचे पैसे घ्या. ते कामच आहे, त्याला दोरा लागतो आणि पाठ लागते. तुमच्या कागदावर त्याचा रकानाच नव्हता, म्हणून चौकटीला दाजींची पाठ दिसली नाही. मी एक रकाना वाढवलाय, नाव सोडकाम. नव्या कपड्याच्या आठव्या हिश्शाएवढा दर टाकून पाहिला, तर एप्रिल-मेची रेघ उभी राहते. पण ही माझी रेघ आहे, अजून घडलेली नाही. या हंगामात करून बघा आणि मगच त्या माणसाला उत्तर द्या. नाही जमलं तर दाजी म्हणतील ते खरं, मी तोंड उघडणार नाही.

चुकलंमाकलं पोटात घाला आणि मला आपला म्हणत राहा.

तुमचा
भिंगरी

&nbsp;

दुकान
ता. १ जून

चि. भिंगरीस,
अ. उ. आ., दाजींचेही, न मागता.

इतके दिवस लिहिलं नाही कारण हात रिकामा नव्हता. तुझं ऐकून दर लावला, पण पाटी लिहायला दोघांपैकी कुणी धजेना. शेवटी खडूने लिहिली, म्हणजे लाज वाटली तर पुसता येईल. पहिल्याच दिवशी समोरच्या बेकरीवाल्या बाई पोराच्या दोन विजारी घेऊन आल्या, पाटी वाचली आणि सगळ्यांदेखत म्हणाल्या, काय हो, आता माया सोडायचेही पैसे? मला धरणी दुभंगावी असं झालं. तुझ्या दाजींनी मान वर केली नाही. सुईत दोरा ओवत म्हणाले, "ठेवायचे घेत नाही, बाई."

बाई हसल्या. विजारी ठेवून गेल्या आणि संध्याकाळी बहिणीच्या पोराच्याही पाठवल्या. सगळेच काही हसले नाहीत. काहींनी कपडे उचलून नेले, घरीच उसवतो म्हणाले. त्यातल्या दोघांच्या विजारी एक पाय लांब एक आखूड होऊन परत आल्या. पण जे गेले त्यांच्यामुळे यांची पाठ सुटली आणि जे राहिले त्यांनी पैसे दिले. आकडे सोबत आहेत. रेघ तुझ्याएवढी ताठ नाही, थोडी वाकून चालते, पण चढते.

काल कंपनीचा माणूस उत्तर घ्यायला आला. मी बोलायला तोंड उघडणार तेवढ्यात तुझे दाजीच म्हणाले, दुकान द्यायचं नाही. मला विचारलंही नाही. पाच महिने मला हो म्हण, हो म्हण करणारा हा माणूस! त्या गृहस्थाने बराच वेळ समजावलं, कागद दाखवले, मग कागद पिशवीत घातले. उठताना घुटमळला. जरा ओशाळून म्हणाला, दुकान राहू दे, पण ही विजार कमरेत फार आवळते, सोडून मिळेल का, सोडकामाचे काय ते देतो. नवी होती, त्यांच्याच कंपनीची.

यांनी त्याला उजेडात पाठमोरं उभं केलं, कमरपट्टी उलटी करून शिवणीवरून बोट फिरवलं आणि अगदी वाईट वाटून म्हणाले, "साहेब, सोडायला आत मायाच नाही."

तब्येतीला जप, आणि आमच्यावरचा लोभ उसवू देऊ नकोस.

तुझी
ताई