उपाशी पेशी

३ मार्च

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

विषमज्वराचा जोर ओसरतोय हे धाकट्याकडून कळलं. फोनवर तुम्हाला नीट ऐकू येत नाही, म्हणून मी दिवसभर भिंगात काय बघते ते लिहूनच सांगते.

तुमच्या तापाच्या कुळातलेच जंतू. ते पेशीत घुसले की पेशी त्यांच्यावर खुणेच्या चिठ्ठ्या डकवते, भोवती पिशवी विणते आणि आतल्या आत पचवून टाकते. स्वतःची मोडतोडही ती अशीच वापरात आणते. पेशीला उपाशी ठेवलं की हे काम झपाट्यानं चालतं. परवाच्या प्रयोगाच्या बशीत निम्मे जंतू सहा तासांत संपले. बाइंडिंगच्या दुकानात कपटाही वाया न घालवणारे तुम्ही आठवलात.

माया असू द्यावी,
तुमची सूक्ष्मबाई

१० मार्च

ती. ताईस,
सा. न.

फोनवर रडू आलं असतं, म्हणून लिहितोय. कुरिअरनं उद्या मिळेल.

तुझं पत्र बाबांनी उशीखाली ठेवलंय आणि चार दिवस दोन घोट दुधाशिवाय काही घेतलेलं नाही. पेशींना मदत करतोय म्हणतात. डॉक्टर रागावले, तर त्यांनाच पत्र वाचायला दिलं. वर मुलगी तुमच्यापेक्षा जास्त शिकलीय, असंही ऐकवलं. उठताना आता भिंत धरावी लागते. परवापर्यंत जेवले नाहीत तर भरती करावं लागेल. या घरात पहिल्यापासून तुझंच ऐकलं जातं. तेव्हा तूच निस्तर.

रागावलेला, तरी तुझाच,
धाकटा

११ मार्च

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

मी तुम्हाला अर्धंच सांगितलं. पेशीत एक पहारेकरी असतो. अन्न आहे का, हे बघून तो हे काम सुरू करतो आणि वेळेत थांबवतोही. थांबलं नाही तर पेशी स्वतःलाच खात सुटते. आम्ही तिला काही तासच उपाशी ठेवतो, तेही काचेत. माणसाचं, त्यात आजारी माणसाचं, गणित वेगळं.

हे का गाळलं, ते सकाळी धाकट्याचं पत्र आल्यापासून स्वतःला विचारते आहे. गेल्या महिन्यात एक बशी मी शनिवार-रविवार उपाशीच विसरले. सोमवारी सगळ्या पेशी मेलेल्या. ती चूक तुम्हाला कळायला नको होती. तुमच्यापुढे हुशार दिसायची हौस या वयातही जात नाही.

बाबा, हे वाचून होताच जेवा. रागवा नंतर.

तुमची,
ताई

१४ मार्च

चि. ताईस,
अनेक आशीर्वाद.

परवापासून जेवतोय. अक्षर हलतंय ते सांभाळून घे.

खरं सांगतो, भूक आधीच मेली होती. घास पुढे आला की नको वाटायचं आणि धाकट्याचं तोंड बघवायचं नाही. तुझ्या पत्रानं न जेवायला कारण दिलं, तेही अभिमानानं सांगण्याजोगं. म्हणजे लबाडी माझीही झाली.

मात्र यापुढे मेलेल्या बशीचं आधी लिहीत जा. निम्मे जंतू मारलेस ते सांगायला मला डॉक्टर आहेत, शेजारी आहेत. चुकलीस ते मी कुणाला सांगणार नाही.

तुझा,
बाबा