तीन वाजताची इस्त्री

बाबा, तुम्हाला आणि तुमच्या शिलाई मशीनला नमस्कार.

मी मजेत आहे. इथल्या शिवणकामाच्या कारखान्यात आता रुळले आहे, जेवणही वेळेवर होतं. फक्त दुपारी तीनला असे डोळे मिटतात की बोलायची सोय नाही. परवा पेंगत पेंगत एका कोटाला दोन्ही बाह्या डाव्याच लावल्या! मुकादमबाई ओरडल्या नाहीत. म्हणाल्या, "उसव ते. आणि रोज या वेळी मशीनवरून उठून इस्त्री करत जा. उभं राहिलं की झोप पळते."

इस्त्री हातात घेतली आणि तुम्ही आठवलात. तीन वाजले की तुम्ही दुकानात इस्त्रीला उभे. मला हात लावू द्यायचा नाहीत. माझं काम तुम्हाला पसंत नाही, असं वाटून मी किती वर्षं रुसून बसायचे! झोप येते म्हणून, एवढं सांगायचंत तरी.

आईचे गुडघे कसे आहेत? तुमच्या पायांची सूज उतरली का? तिनेच कळवलं, तुम्ही कुठले सांगताय.

बाबा, आता उभं राहू नका. तीन वाजले की शटर ओढा आणि खुशाल झोपा. त्या वेळची इस्त्री मी इथे करते आहे.

रुसवा सोडलेली,
तुमची लेक