एक्केचाळीस बिननावी मापं

मंगळवार, ११ जून. दुपारचे दोन वाजून चाळीस मिनिटं. मी दुकानात गल्ल्यामागच्या स्टुलावर बसलो आहे. उजव्या हातानं हे पत्र लिहितो आहे आणि डावा तळवा हार्डडिस्कवर ठेवला आहे, ताप आलेल्याच्या कपाळावर ठेवतात तसा. पडद्यावर बासष्ट टक्के दिसत आहे.

तीर्थस्वरूप दादास,

धाकट्या मावसभावाचा वाकून नमस्कार. मावशीचा गुडघा, काकांचा खोकला आणि तुझी झोप ही तिन्ही ठीक असतील अशी आशा करतो. लग्न अठरा दिवसांवर आलं आहे, तेव्हा तिसऱ्याची खात्री वाटत नाही. होणाऱ्या वहिनींना नमस्कार सांग. त्यांच्या वडिलांनाही सांग, पण हे पत्र त्यांच्या हाती पडू देऊ नकोस. का ते पुढे येईल. इकडे आम्ही सगळे जिवंत आहोत. ‘सुखरूप’ लिहिणार होतो, कोशात पाहूनही ठेवला होता, पण बासष्ट टक्क्यांवर तेवढी हिंमत होत नाही.

तुला आठवत असेल, दोन वर्षांपूर्वी मास्तरांच्या शिलाईच्या दुकानातला हा जुना कॉम्प्युटर दुसरं काहीच पेलत नव्हता म्हणून तूच त्यात लिनक्स घालून दिलंस, वर दोनशे पानी वहीत ‘बिघडल्यास काय करावं’ हे नऊ पायऱ्यांत लिहून दिलंस. (पहिली पायरी: घाबरू नये. ती मला अजून जमलेली नाही, त्यामुळे मी नेहमी दुसरीपासून सुरू करतो.) त्यानंतर चौदा महिने मी मास्तरांच्या मापाच्या एकतीस वह्या कॉम्प्युटरवर चढवल्या. एक हजार आठशे सेहेचाळीस गिऱ्हाइकं, प्रत्येकाची स्वतंत्र फाइल. एकच मोठी फाइल केली आणि ती गेली तर सगळं गाव एकदम उघडं पडेल, ही भीती. फाइलीला नाव गिऱ्हाइकाचं, आत फक्त मापं. नाव डोक्यावर असताना पोटात पुन्हा कशाला, असा मी विचार केला. हा विचार मी किती शांतपणे केला होता ते आठवलं की आता घाम फुटतो. सगळ्या फाइली तू दिलेल्या हार्डडिस्कवर, कारण कॉम्प्युटरच्या स्वतःच्या डिस्कवर माझा विश्वास नव्हता. आणि वह्या रद्दीत. मीच म्हणालो, आता वह्यांची गरज नाही. मास्तरांनी तीन वेळा विचारलं, “नक्की?” मी तीन वेळा ‘नक्की’ म्हणालो. तो शब्द मी पुन्हा वापरणार नाही.

आता शनिवार. दुपारी सव्वाबाराला मी टेबल पुसत होतो. हार्डडिस्कच्या खाली धूळ होती. डिस्क उचलायची म्हणून मी वायर उपसली, पुसलं, परत खुपसली. तुझ्या वहीच्या पहिल्याच पानावर, दोन रेघा मारून, लिहिलेलं आहे की आधी ‘अनमाउंट’ करावं, म्हणजे डिस्कचा रीतसर निरोप घ्यावा, मगच हात लावावा. मी निरोप घेतला नाही. आजवर दोन वर्षांत एकदाही मी असं केलं नव्हतं. फडकं हातात होतं, बस्स. सोमवारी सकाळी दहा वाजून सात मिनिटांनी नवीन गिऱ्हाइकाचं माप लिहायला बसलो आणि पडद्यावर आलं की डिस्कवर लिहिता येत नाही, ती आता ‘रीड-ओन्ली’ आहे. म्हणजे जुनं वाचून दाखवीन, नवीन काही घेणार नाही. आमच्या आजोबांचं शेवटच्या वर्षी असंच झालं होतं, त्यामुळे मला लक्षण ओळखीचं वाटलं.

मी मास्तरांना काही सांगितलं नाही. नवीन माप हाताच्या तळव्यावर लिहून घेतलं आणि म्हणालो, कॉम्प्युटर जरा विश्रांती घेतो आहे. मास्तर काही बोलले नाहीत, आणि हेच मला भयंकर वाटलं. बटण चुकीच्या दोऱ्यानं लागलं तर अर्धा तास बोलणारा माणूस, त्यानं नुसती मान हलवली. थोड्या वेळानं स्वतः चहा आणून माझ्यापुढे ठेवला, बशीत तीन बिस्किटं. दुपारी पुन्हा चहा, पुन्हा तीन. संध्याकाळी पुन्हा. दादा, या दुकानात साडेतीन वर्षांत मला एका वेळी एकापेक्षा जास्त बिस्किट मिळालेलं नाही. मला काढायचं ठरलं आहे आणि ते गोड बोलून काढणार आहेत, याबद्दल शंका उरली नाही. बिस्किटं मी खाल्ली. न खाण्याचंही धाडस नव्हतं.

आज सकाळी तुझी वही उघडली. पायरी दुसरी: डीमेसेज ही आज्ञा देऊन यंत्र काय म्हणतं ते वाचावं. वाचलं. राइट एरर, मग रीसेट, मग पुन्हा राइट एरर, मग आय-ओ एरर, पानंच्या पानं. मी सगळं वेळेसकट वहीत उतरवून घेतलं (सात पानं), कारण हस्ताक्षरात आलं की गोष्ट जरा ओळखीची वाटते. पायरी तिसरी: डिस्कची तब्येत तपासावी. ती आज्ञा दिली तर उत्तर आलं, ‘पास्ड’. डिस्क पास झाली. नववीत मी झालो नव्हतो, तरी मला तिचा हेवा वाटला नाही, उलट जास्त भीती वाटली, कारण डिस्क चांगली असेल तर वाईट कोण? माझ्या यादीत तेव्हा एकच नाव होतं. पायरी चौथी: दुसऱ्या भोकात लावून पाहावी. दोन्ही भोकांत तोच प्रकार. पायरी पाचवी: वायर बदलून पाहावी. वायर दुसरी नव्हती, म्हणून शेजारच्या मोबाइल दुरुस्तीवाल्याकडे गेलो.

त्याला तू भेटलेला नाहीस. सगळ्या रोगांवर त्याच्याकडे एकच औषध आहे. मी तोंड उघडायच्या आत म्हणाला, “आण इकडे, फॉरमॅट मारतो. दोन मिनिटांत चकाचक.” मी म्हणालो, आत लोकांची मापं आहेत. तो म्हणाला, “मापं काय, लोकं तिथंच आहेत ना? परत घे.” एक हजार आठशे सेहेचाळीस लोकांना पुन्हा रांगेत उभं करून त्यांच्या बगलेत टेप घालतोय असं माझ्या डोळ्यांपुढे आलं. त्यातले बासष्ट वारले आहेत. (मास्तर कुणाचं माप पुसू देत नाहीत, म्हणतात, मुलाला उपयोगी पडतं.) मी डिस्क शर्टात लपवून उलट्या पावली परत आलो, वायर मागायची राहूनच गेली.

परत आल्यावर, दुसरं काही सुचेना म्हणून, मी असलेल्याच वायरवरून बोटं फिरवली. शिलाईच्या दुकानात राहून ही सवय लागते, कापड डोळ्यांनी नाही, बोटांनी तपासायचं. डिस्कपासून वीतभर अंतरावर बोटांना एक जाडसर गाठ लागली. वायर खिडकीशी नेली. काळ्या वायरवर काळ्या रेशमी दोऱ्यानं, एकाला एक चिकटून, इतके बारीक टाके घातलेले होते की नुसत्या डोळ्याला दिसणार नाहीत. काजाचे टाके. दादा, असं काज या रस्त्यावर एकच माणूस करतो.

मी वायर दोन बोटांत धरून मास्तरांपुढे उभा राहिलो. विचारलं, “मास्तर, ही वायर आखूड कशी झाली?”

मास्तरांनी मशीन थांबवलं. चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. म्हणाले, “लोळत होती.”

“म्हणजे?”

“जमिनीला लागत होती. जमिनीला लागणारं काही मी माझ्या दुकानात ठेवत नाही, तुला माहीत आहे. शनिवारी तू गेल्यावर नऊ इंच कमी केली. आतल्या चार तारा आहेत ना, त्या रंगाला रंग मिळवून जोडल्या. वरून काज घातलं. दिसतंय का कुठे? सांग ना, दिसतंय?”

नाही, म्हणालो, दिसत नाही. मग विचारलं की मला का सांगितलं नाही. यावर त्यांनी टेपची गुंडाळी केली आणि हळूच म्हणाले, “सोमवारी तू त्या पडद्यासमोर असा पांढराफटक पडलास. मला वाटलं, गेलं सगळं. माझ्या हातानं गेलं. तू काम सोडून जाशील असं वाटलं बाबा. ती बिस्किटं काय उगीच देत होतो?”

मी खाली बसलो. मग मीही शनिवारच्या फडक्याचं सांगून टाकलं. मास्तर म्हणाले, “म्हणजे तूही?” आणि त्यांच्या चेहऱ्यावर असा काही आनंद आला की मला थोडा रागच आला.

मास्तर स्वतः जाऊन नवी वायर घेऊन आले. ती त्यांनी टेपनं मोजली आणि त्यांची नजर जमिनीकडे गेली. मी कात्री उचलून मांडीखाली घेतली. मग, मधल्या दोन गाळून, पायरी आठवी: डिस्कचा निरोप घेऊन, पण वायर न काढता, तिच्या आतली मोडतोड दुरुस्त करणारी आज्ञा द्यावी. दिली. ती दर मोडतोडीला विचारते, दुरुस्त करू का? दोनशे बारा वेळा विचारलं. दोनशे बारा वेळा मी ‘हो’चं बटण दाबलं, आणि प्रत्येक ‘हो’ला मला वह्या रद्दीत देतानाचं आठवत होतं. शेवटी डिस्क उठली. लिहायलाही लागली. एक हजार आठशे पाच फाइली जागेवर. उरलेल्या एक्केचाळीस मात्र त्या आज्ञेनं ‘हरवले-सापडले’ अशा अर्थाच्या कप्प्यात नेऊन टाकल्या होत्या, नावं पुसून, नुसते आकडे देऊन. आत मापं शाबूत, पण कुणाची ते कळायला मार्ग नाही, कारण नाव पोटात लिहायचं नाही हे कुणी ठरवलं होतं ते वर आलंच आहे.

मी डोकं धरून बसलो. मास्तर म्हणाले, “वाच.” मी वाचलं: छाती बेचाळीस, पोट चव्वेचाळीस, डावा खांदा पाऊण इंच खाली. मास्तर म्हणाले, “पोस्टमन. पिशवीचा खांदा.” पुढचं वाचलं: उजवी बाही डावीपेक्षा अर्धा इंच लांब. “बँकेतला शिपाई. लहानपणी हात मोडला होता.” पुढचं वाचता वाचता ते म्हणाले, “हे वारले. आवाज जरा खाली घे.” असं करत, डोळे मिटून, पाठ भिंतीला टेकून, त्यांनी एकोणचाळीस माणसं नुसत्या आकड्यांवरून परत आणली. दादा, मी चौदा महिने ती मापं लिहीत होतो आणि मला एकही माणूस दिसला नव्हता. तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं की वह्या रद्दीत गेल्या तरी दुकान गेलं नव्हतं. आणि लगेच दुसरी भीती वाटली, मास्तरांची प्रत कुठे काढायची?

आता मापं एका दुसऱ्या, कोऱ्या हार्डडिस्कवर उतरत आहेत, प्रत्येकाच्या पोटात त्याचं नाव घालून. चौऱ्याऐंशी टक्के झाले आहेत. तुझ्या वहीत नववी पायरी होती, ‘नेहमी दोन प्रती ठेवाव्यात.’ ती नवव्या जागी का ठेवलीस हे विचारण्याइतकं माझं शिक्षण नाही, पण जमल्यास पुढच्या वहीत ती पहिली घाल आणि ‘घाबरू नये’ शेवटी.

मावशीला आणि काकांना नमस्कार.

तुझा,
धाकटा

ता. क. यातलं आईला काही कळवू नकोस. ‘कॉम्प्युटरची नोकरी म्हणजे बसून पगार’ असं ती चारचौघांत सांगते, ते तसंच राहू दे.

ता. क. २. एक्केचाळीस वजा एकोणचाळीस, दोन राहतात, हे तुझ्या ध्यानात आलं असेल. दोन्ही फाइली एकाच दिवसाच्या आहेत, २३ मार्च. त्या दिवशी दुकानात दोघांनीच सुटाचं माप दिलं होतं, तू आणि तुझे होणारे सासरे. उंची तीच, छाती तीच, खांदे तेच. फक्त एकाची कंबर चौतीस आहे आणि एकाची अडतीस. या दोघांपाशी येऊन मास्तर प्रथमच अडले. मग म्हणाले, “सासरे रोज सकाळी पोहतात. हा दिवसभर खुर्चीत बसतो.” मी घरचा माणूस म्हणून चौतीसच्या बाजूनं बोललो. त्यांनी माझ्याकडे ज्या नजरेनं पाहिलं ती मी लिहीत नाही. सासऱ्यांना विचारावं तर सगळं उघड होईल, आणि फोन करावा तर हल्ली तुझ्या शेजारी कोण बसलेलं असतं सांगता येत नाही. शिवाय फोनवर माणूस पोट आत घेऊन बोलतो. म्हणून हे पत्र. सूट गुरुवारी कापायचे आहेत. तेव्हा हे वाचशील तिथंच उभा राहा, श्वास सोड, आणि मोजून कळव.

ता. क. ३. मास्तर म्हणतात, उत्तर नाही आलं तर दोन्ही सूट अडतीसचे कापतो, मग ज्याला लागेल त्याची कंबर कमी करतो. कमी करण्याचा त्यांना किती उत्साह आहे ते तू वर वाचलंच आहेस.

हिशेब:
नवी वायर, एकशे वीस. मास्तरांनी दिले.
नवी हार्डडिस्क, चार हजार दोनशे. तेही मास्तरांनीच, नऊ इंचांचा दंड म्हणून.
कुरिअर, साठ. मी दिले.
भीतीपोटी खाल्लेली बिस्किटं, नऊ. परत करता येणार नाहीत.
तुझ्याकडून येणं: एक कंबर, खरी.